आधी काम पुरं कर

दाराला कुलूप लावण्यापूर्वी महाजन सर आत वाकून विचारायचे, "कोनी हाये का अजून?" आत आमची तीन टेबलं आणि एक पंखा. कोणी नाही हे त्यांना दिसत असायचं, तरी विचारायचे. आम्ही पाठीमागे हसायचो.

सर वीस वर्षं बाहेर कर्नेलचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यातलं, काम करून बुऱ्हाणपूरला परतले होते. राजपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आम्ही पॉवरलूमला जोडायची एक पेटी बनवत होतो. मागात हात गेला की पेटीने माग थांबवायचा. तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, माझ्याकडे होता.

पेटीतले दोन प्रोसेसर एकच माहिती वापरत. कुलूप लावून पाळीपाळीने वापरण्यात वेळ जातो, म्हणून ती किती जणांनी धरली आहे एवढाच आकडा ठेवायचा. तो शून्य झाला की त्या माहितीची जागा मोकळी, दुसऱ्या कामाला. पण प्रोसेसर स्वतःच्या सोयीने कामं मागेपुढे करतो. 'सोडलं' हे आधी पोचतं, शेवटचं लिहिणं मागून येतं आणि तोवर तिथे दुसऱ्याचा संसार मांडलेला असतो. सर म्हणायचे, "आधी काम पुरं कर, मंग सोडलं म्हन. उलटं केलं त कोनाचं तरी वाटोळं व्हतं." क्रम बांधणारी एक ओळ त्यांनी त्यासाठीच घालून घेतली होती.

त्या ओळीने काम थोडं मंदावतं, म्हणून ती मी काढली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आठवडाभर चाचणी चालवली, काही बिघडलं नाही. तिथला प्रोसेसर मुळात क्रम पाळणारा, पेटीतला तसा नव्हता. हे मला ठाऊक होतं, पण वेग दाखवायची हौस दांडगी. सर तापाने फणफणले होते. माझ्या शब्दावर त्यांनी पेट्या बसवायच्या कागदावर सही केली.

लोधीपुऱ्यात माग चालवणाऱ्या गणेशचा उजवा हात मागात गेला तेव्हा पेटीने थांबण्याचा हुकूम लिहिला होता. नेमकं त्याच जागेवर माझं उशिराचं लिहिणं येऊन पडलं. माग चालूच राहिला. गणेशची चार बोटं गेली.

सरांनी एका दिवसात चूक शोधली. मला काही बोलले नाहीत. मागवाल्यांसमोर म्हणाले, "सही माझी हाये. चूक माझी." मी शेजारी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी साऱ्या पेट्या उतरवल्या, खोल्या सोडल्या. महिन्याभरात मला इंदूरला नोकरी लागली. निरोप घ्यायला गेलो तर त्यांनी एवढंच विचारलं, "गणेशकडे जाऊन आला का?" सुट्टीत येईन तेव्हा जातो, असं मी म्हणालो.

ते मात्र दर गुरुवारी गणेशकडे जात. डाव्या हाताने लिहायला त्यांनीच त्याला शिकवलं. लोधीपुऱ्यात लोक त्यांना पाहून तोंड फिरवतात, हे माझ्या कानावर येत होतं. मी सहा वर्षं 'सुट्टीत, सुट्टीत' करत राहिलो. भेकडपणा, दुसरं काही नाही.

सर गेल्याचं कळलं आणि मी तापीकाठी पोचलो तोवर चिता विझत आली होती. गणेश एकटाच बाजूला उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं.

"मी त्यायलेच बोलत होतो, भाऊ," तो म्हणाला. "दर हप्त्याले. नको नको ते बोललो. ते खाली बसून ऐकून घेत." मग चितेकडे पाहत त्याने विचारलं, "आता माफी कोनाले मागू मी?"