कूलर बंद करायचा महिना

मे महिन्यात ब्रह्मपुरीत कोणी कूलर बंद करून बसलं तर लोक त्याला वेड्यात काढतात. आम्ही दोघं बसायचो. मी शिकवतो त्या कॉलेजला सुट्टी लागली, की प्रयोगशाळेची दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि घामानं निथळत कामाला लागायचं.

काम लोखंडाच्या एका संयुगाचं. त्याच्या मदतीनं पाण्यातून हायड्रोजन सुटा करायचा आणि इंधन म्हणून वापरायचा. हेच प्लॅटिनमही करतं, पण ते आपल्या ऐपतीबाहेरचं. आमचं लोखंड स्वस्त, पण भलतंच नाजूक. जराशी हवा किंवा ओल लागली, की त्याचा लाल रंग गढूळ तपकिरी होतो आणि सगळ्या मेहनतीवर पाणी फिरतं. आमचा मुलूख धानाचा, वर्षातला बराच काळ हवेत ओल. मे तेवढा कोरडा. त्यात कूलर लावला तर पुन्हा ओलच.

शिवाय माणसं दोन लागत. एका चंबूतून दुसऱ्यात द्रावण नेणारी सुईसारखी बारीक नळी एकानं धरायची, दुसऱ्यानं हवा आत शिरू नये म्हणून सोडलेल्या नायट्रोजनची तोटी सांभाळायची. नळी माझ्याकडे, तोटी तिच्याकडे. ती माझी एम.एस्सी.ची वर्गमैत्रीण, गडचांदूरच्या कॉलेजात शिकवते. तिथं अशी सोय नाही, म्हणून दर उन्हाळ्यात बसनं यायची, मावशीकडे उतरायची. लग्न तिनंही केलं नाही, मीही नाही. लोकांनी विचारणं कधीच सोडलं होतं.

एकदा माझे दोन्ही हात गुंतलेले आणि घाम थेट डोळ्यात. "हालू नको," ती म्हणाली, आणि एक हात तोटीवर ठेवून दुसऱ्यानं ओढणीनं माझं कपाळ पुसलं. नजर चंबूवरच. त्या वर्षी संयुग टिकलं, निष्कर्षही चांगले आले. मला मात्र ती ओढणीच आठवत राहिली.

या हिवाळ्यात कॉलेजात हवाबंद पेटी आली. तिला बसवलेल्या हातमोज्यांत हात घालायचे. आत हवा नाही, ओल नाही. एकटा माणूस, कोणताही महिना, खुशाल कूलर लावून. वर्षानुवर्षं मीच मागे लागलो होतो या पेटीसाठी. मी पेढे वाटले. घरी आलो आणि जेवण गेलं नाही.

तिला फोन केला. ती मनापासून खूश झाली, पेटीबद्दल बारीकसारीक विचारत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे यंदा मी नाई आली तरी चालते."

"हो" म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं मी सोपंच बोलत आलो होतो.

"कामाचं चालून जाईल," मी म्हणालो. "माहं नाई चालत."

 

ती म्हणाली, "इतकंसं बोलाले तुले पेटी यायची वाट पाहा लागली?"