पोत्याची गाठ

पुणतांब्याच्या घाटावर आम्ही रविवारी गोदावरी साफ करतो. म्हणजे मी बहुतेक फोटोपुरताच. गावातले म्हातारे मामा, सगळ्यांचेच मामा, मात्र गुडघाभर पाण्यात. दहाव्याला नदीत सोडलेले मयताचे कपडे ते ओढून काढत, पिळत आणि घडी घालून पोत्यात भरत.

"मामा, कचऱ्याला कसली घडी?" मी हसायचो.

"कुनी तरी अंगावर घातलेलं हाय ते."

माझी गाठ सुटते, म्हणून पोतंही तेच बांधत.

मामींच्या दहाव्याला भावकीनं मामींचं हिरवं लुगडं पाण्यात सोडलं. पुढच्या रविवारी ते काठच्या बाभळीला अडकलेलं सापडलं. मामांनी पिळलं, घडी घातली, पोत्यात ठेवलं आणि सुतळी माझ्याकडे दिली.

"तुमी बांधा."

मी जन्मात पहिल्यांदा घट्ट गाठ मारली. मग वाटलं, सैलच ठेवायला हवी होती.