भोंग्याआधीची कवायत

लग्नानंतर मी पनवेलच्या एका भाताच्या गिरणीत कामाला लागले. उकडलेलं भात खळ्यावर पसरायचं, उन्हात पायांनी उलटत राहायचं, संध्याकाळी टोपल्या भरून आत न्यायचं. आमचं गाव खाडीपलीकडे. मुलगी झाली आणि ती मान धरते न धरते तोच मी परत कामावर आले. मुकादमाला विनवलं, सकाळी थोडा वेळ सोडा, सासू पोरीला फाटकाशी आणील, पाजून लगेच येते.

तो म्हणाला, "आज तू जाशील, उद्या दुसरी जाईल. भात काय शेट उलटवणार?"

त्याच हिवाळ्यात शेटनी व्यायाम सुरू केला. मुंबईहून मास्तर आणला. भोंग्याच्या आधी अर्धा तास सगळ्यांनी खळ्यावर रांगेत उभं राहायचं. जो रोज येईल त्याला होळीला टॉवेल, जो चुकवेल त्याला त्या दिवशी काम नाही.

"हे तुमच्याच भल्यासाठी आहे," शेट खुर्चीत बसून सांगायचे. गरम दुधाचा पेला त्यांच्या हातात असायचा.

त्या अर्ध्या तासापायी मला घरून आणखी लवकर निघावं लागे. पोरगी झोपेतच असायची, पाजणं व्हायचंच नाही. एका सकाळी सासू तिला घेऊन मागोमाग फाटकावर आली. रडून पोरीचा आवाज बसला होता. इकडे मास्तर ओरडत होता, "हात वर! आणखी वर!" हात वर केले आणि माझी चोळी भिजली. रांगेतले गडी बघत होते. शरमेनं मान खाली गेली, आणि मग संताप आला.

मी रांग सोडून फाटकाशी गेले, पोरीला घेतलं आणि खळ्याच्या मधोमध बसून पाजायला लागले.

"ए, ऊठ!" मुकादम धावला.

"नाय उठत," मी म्हटलं. "हितं अर्धा तास हात हलवायला वेळ हाय, पोरीला पाजायला नाय?"

कुणी काही न सांगता बायका माझ्याभोवती पाठ करून उभ्या राहिल्या. शेट तरातरा आले. आमच्यातली सगळ्यात म्हातारी त्यांना म्हणाली, "शेट, तोंड फिरवा तिकडं." आणि शेटनी खरंच तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं जाहीर केलं की बायकांना व्यायाम माफ, बायकांना तो शोभत नाही. पाजायला वेळ मात्र कुणालाच मिळाला नाही. मला तर फाटकातूनच परत पाठवलं.

मी उरणच्या वाटेवरच्या मिठागरात कामाला लागले. ऊन फार होतं, पायांना भेगा पडायच्या. पण पोरगी बांधावर, झोळीत, डोळ्यांसमोर असायची. आज ती स्वतः आजी झाली आहे. तरी त्या खुर्चीतल्या माणसाचं "तुमच्याच भल्यासाठी" आठवलं की माझी कानशिलं तापतात.