ओडेलच्या गाण्यातली बायको

ओडेल स्टिडमने बायकोवर गाणं रचलंय, हे केंटकीच्या त्या सगळ्या खोऱ्याला माहीत झालं होतं, फक्त बायकोला सोडून. व्हर्लीन शर्टांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला कॉलर शिवायची. शेजारच्या मशीनवरची रोएना एकदा म्हणाली, "अगं, माझा नवरा ते ऐकून रडला! आईच्या मयतीला टिपूस नव्हतं काढलं मेल्यानं."

झालं, व्हर्लीनला चैन पडेना. घरी विचारलं तर ओडेल म्हणाला, "काही नाही गं, असंच आपलं. कष्ट, घर, पोरं." आणि भांडी घासायला पळाला. लाकडाच्या गिरणीत ओंडके लोळवणारा गडी, पण लाजला की विचारू नका. चारचौघांत हा माणूस आपल्याबद्दल सांगतो तरी काय?

शनिवारी दुपारी पशुखाद्याच्या दुकानात गाणारे गोल करून बसत. गाणं फिरत जाई, ज्याला सुचेल तो कडवं जोडी. व्हर्लीन सरळ जाऊन एका खोक्यावर बसली. तिला पाहून ओडेलची गिटार अडखळली, पण आता माघार कुठली!

गाणं गोड होतं, ते तिनेही मनात कबूल केलं. दमलेला नवरा, संध्याकाळी दारात वाट बघणारी बायको, तिच्या हातात मक्याचा गरम पाव, खोऱ्याच्या रीतीप्रमाणे बिनसाखरेचा. गिरणीतले बापे नाकं पुसत होते. व्हर्लीनला मात्र सपाटून राग आला. ही बया कोण? त्या वेळी आपण तर मशीनवर असतो!

पाळी तिच्यापाशी आली. तिने घसा खाकरला.

"दारात उभी ती कोण, ओडेल? मी तर कामावर असते,
चारशे कॉलर झाल्यावाचून खुर्ची कुठे सुटते?
पोरं निजवून, पाव भाजून ठेवतं कोण झाकून?
तूच ना रे? मग गाण्यात का बसलास लपून?"

ओडेल कानापर्यंत लाल झाला. गिरणीचा म्हातारा मुकादम होबर्ट गालातली तंबाखू इकडून तिकडे करत त्याच्याकडे बघत राहिला.

"पाव तू भाजतोस?"

"हो."

"साखर घालून?"

"साखर? आई थडग्यातून उठून बडवेल मला!"

"मग ठीक आहे," होबर्ट म्हणाला, आणि दुकानभर हशा पिकला.

ओडेल हसला नाही. त्याने गिटार पुन्हा मांडीवर घेतली.

"व्हर्लीन, ते कडवं परत म्हण," तो म्हणाला. "मला पाठ करायचंय."