वरचा शेक

घशाच्या कॅन्सरसाठी सोलापुरात माझं रेडिएशन चालू होतं. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. मंद्रूपच्या बाजारात भाजी विकणारी माझी थोरली बहीण सोबत यायची. डॉक्टर म्हणाले, "हा कॅन्सर विषाणूमुळे झालाय, तो कमी डोसलाही दाद देतो. अभ्यासाचा भाग म्हणून तुम्हाला शेक कमी देतोय."

बहिणीला यात मापात मारल्यासारखं वाटलं. "वरनं थोडा घाला की, डॉक्टर." मी डोळे वटारले. डॉक्टर हसले. "जास्त दिला तर लाळ आटेल, मावशी."

परवाच्या तपासणीत घसा स्वच्छ निघाला. घरी बहिणीनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात ठेवली. घास मोडायच्या आधीच माझ्या तोंडाला पाणी सुटलं.