आधी माणसं मोजायची

एव्हरशाईन सिटीतल्या हॉलमध्ये मी विज्ञानाचे प्रयोग बघायला एकटीच गेले होते. घरी बजावलं होतं, आज संध्याकाळी मला कुणी फोन करायचा नाही. शेजारच्या खुर्चीवर पन्नाशीचे एक गृहस्थ, तेही एकटेच. बसण्याआधी त्यांनी बाजूचं दार ढकलून पाहिलं, उघडतं का.

स्टेजवर हायड्रोजनचा फुगा आला. सगळ्यांचे मोबाईल वर झाले. यांनी मात्र काढलेल्या चपला पायात सरकवल्या आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. ते बघून मीही माझ्या खुर्चीचा हात धरला. दिवे गेले, पेटती काठी फुग्याला टेकली आणि दणकन आवाज झाला.

टाळ्यांच्या कडकडाटात दिवे आले, तेव्हा ते आमच्या रांगेवरून बोट फिरवत पुटपुटत होते. बोट माझ्यापाशी येऊन थांबलं, "आठ."

"काय मोजताय काका?"

ते ओशाळले. "सातिवलीला केमिकल कंपनीत आहे. आमच्याकडे असा आवाज झाला की आधी मानसं मोजायची. सवय लागलीय."

"मग असल्या शोला येता कशाला?"

"इथं मोजनी पुरी भरते."

पुढचा फुगा फुटल्यावर टाळ्या वाजवायच्या आधी मी रांग मोजली. त्यांच्यापासून सुरुवात केली.