'भी' आणि 'ही'

निवडणुकीच्या दिवसांत लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या आमच्या पार्कात एक उमेदवार आला. बायको गेल्यापासून मला कुणाचाही आवाज चालतो, म्हणून मीही खुर्ची धरून बसलो.

गडी बोलण्यात वस्ताद! सरकार तुमच्या घरात नाक खुपसणार नाही, म्हणाला. टाळ्या. पाठोपाठ, घराघरातले संस्कार सरकार जपेल. पुन्हा टाळ्या! अहो, नाक न खुपसता जपणार कसे? मग म्हणाला, "बुज़ुर्गों की छाँव भी, नौजवानों की उड़ान भी।" म्हणजे एकत्र कुटुंब टिकवायचं आणि पोरांनी स्वतःच्या हिमतीवर देशोदेशी धंदे काढायचे. मधे एक 'भी' घातला की मिटलं भांडण.

मला राहवेना. उठून विचारलं, "भैया, सब उड़ गए तो छाँव में बैठेगा कौन?"

त्याने सरळ माझे पायच धरले. "बाबूजी, आपका बेटा आपके सामने खड़ा है!" लोक खूश, फटाफट फोटो निघाले. उत्तर राहिलं ते राहिलंच. पण खरं सांगू? पाय धरले तेव्हा बरं वाटलं. किती दिवसांत अंगाला कुणाचा हात लागला नव्हता.

माझा मुलगा बंगळुरूला असतो. वाढला लखनौत, त्यामुळे मी मराठीत बोलतो आणि तो हिंदीत उत्तर देतो. तेव्हा तो नवं घर घेत होता. त्यातली एक खोली माझ्यासाठी ठेवायची की तिथे स्वतःचं ऑफिस थाटायचं, हे माझ्या उत्तरावर ठरणार होतं. मला जायचं होतं हो, जीव तुटत होता! पण त्याने आग्रहाने 'या' म्हणावं, मी मागणार नाही, हा माझा हेका.

त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "बाबा, फिर क्या सोचा?"

"माझं काय रे, मी इथेही राहीन."

म्हणजे तुझ्याकडे तर राहीनच, पण इथेसुद्धा चालेल, तूच काय ते सांग. आपल्या मराठीत 'ही' म्हणजे 'सुद्धा'. हिंदीत 'ही' म्हणजे 'फक्त'.

"अच्छा, वहीं रहेंगे? पक्का?" त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. इतका मोकळा मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

तसं नाही रे, असं सांगायला मी तोंड उघडलं. तोवर तो म्हणालासुद्धा, "थैंक यू, बाबा।"